ना ॲश, ना बेरी! घराच्या बागेत 'रोवन' लावण्याआधी हे वाचा

ऑगस्ट संपत आला की ब्रिटन, आयर्लंड, नॉर्वे, स्वीडनमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या स्टेटसवर एक झाड हमखास दिसायला लागतं. उंची बेताची, पानं नाजूक आणि फांद्याफांद्यांवर लाल-केशरी मण्यांचे घोस. दीड-दोन महिन्यांनी त्याच झाडाची पानंही पेटल्यासारखी लाल होतात आणि मग रील्सचा पाऊसच पडतो. खाली कमेंट ठरलेली: "कसलं भारी झाड आहे! पुण्यात येईल का?"

या झाडाचं नाव रोवन. (हो, 'मिस्टर बीन'वाल्या रोवन ॲटकिन्सनचं पहिलं नाव आपण असंच लिहितो.) पुण्यात येईल का, याचं छोटं उत्तर 'नाही' असं आहे. आणि ब्रिटनमध्ये स्वतःचं घर घेऊन मागच्या अंगणात पहिलंवहिलं झाड लावायच्या तयारीत असाल, तर उत्तर 'हो, पण कुठलं रोवन ते आधी ठरवा' असं आहे. ही दोन्ही उत्तरं नीट समजून घेऊया.

रोवन म्हणजे नेमकं काय?

शास्त्रीय नाव सॉर्बस ऑक्युपारिया. इंग्रजीत याला 'माउंटन ॲश' असंही म्हणतात, पण ॲश या झाडाशी याचं काही नातं नाही. दोघांची पानं थोडी सारखी दिसतात, एवढंच. आपल्या डोळ्यांना तर ते पान पाहून कडुनिंबच आठवेल. मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंना ओळीने पानं आणि पानांच्या कडांना करवतीसारखे दाते.

खरं कुळ गुलाबाचं, म्हणजे सफरचंद, नासपती, गुलाब यांचं. मेमध्ये पांढऱ्या फुलांचे सपाट झुबके येतात आणि ऑगस्टपासून फळं रंगायला लागतात. या फळाला सगळे 'बेरी' म्हणतात, पण एक फळ आडवं कापून बघा. आत इटुकलं सफरचंद असतं, तसाच गाभा, तशाच बिया. खालच्या टोकाला पाच टोकांची चांदणीही दिसते.

या चांदणीमुळे स्कॉटलंडमध्ये रोवनला मोठा मान. वाईट नजर आणि चेटूक अडवणारं झाड म्हणून ते घराच्या दाराशी, गोठ्याजवळ लावायचे. काटक्यांची फुली लाल दोऱ्याने बांधून दारावर टांगायचे. रोवन तोडणं अशुभ मानलं जायचं. आपल्याकडे औदुंबर तोडायला माणूस सहजासहजी तयार होत नाही, तसंच काहीसं.

तुम्ही रोवनचं काहीतरी आधीच खाल्लंय

झाड कधी पाहिलं नसेल, पण त्याचं नाव तुमच्या घरातल्या पाकिटांवर असण्याची शक्यता बरीच आहे.

ऑगस्ट विल्हेल्म फॉन हॉफमान हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ लंडनमध्ये काम करत होते. १८५९ साली त्यांनी रोवनच्या कच्च्या फळांमधून मिळणाऱ्या तेलापासून एक आम्ल वेगळं केलं. झाडाच्या सॉर्बस या नावावरून ते झालं सॉर्बिक ॲसिड. बुरशीला रोखण्याची त्याची ताकद कळायला पुढे ८० वर्षं गेली. आज जॅम, सॉस, चीज, केक, ब्रेड यांच्या पाकिटावर बारीक अक्षरात 'आयएनएस २००' किंवा 'आयएनएस २०२' दिसतं ना? ते म्हणजे सॉर्बिक ॲसिड आणि पोटॅशियम सॉर्बेट.

शुगर-फ्री च्युइंगगममधलं सॉर्बिटॉलही असंच. फ्रेंच शास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८७२ मध्ये ते पहिल्यांदा वेगळं केलं, तेही रोवनच्याच फळांतून. आता हे दोन्ही पदार्थ कारखान्यात दुसऱ्याच कच्च्या मालापासून बनतात, पण झाडाचं नाव चिकटलं ते चिकटलंच.

मग पुण्यात, नाशिकमध्ये, महाबळेश्वरला का नाही?

कारण हे झाड थंडी नुसती सहन करत नाही, त्याला ती लागते.

रोवन हे मुळात युरोपच्या उत्तरेचं आणि डोंगरांचं झाड. स्कॉटलंडमध्ये जवळपास हजार मीटर उंचीवर, जिथे बाकीची झाडं हार मानतात, तिथेही खडकाच्या फटीत ते उगवलेलं दिसतं. दिवस लहान झाले आणि गारठा वाढला की ते पानं गाळतं आणि झोपी जातं. या झोपेतून उठायला सलग काही आठवड्यांची खरी थंडी हवी. सफरचंद पिकवणारे शेतकरी ज्याला 'थंडीचे तास' म्हणतात, तेच गणित. ते तास भरले नाहीत तर कळ्या नीट फुटत नाहीत. पुण्यात जानेवारीत एखाद्या पहाटे पारा आठ-नऊ अंशांवर येतो खरा, पण दुपारी पुन्हा २८-३०. झाडाच्या हिशेबात ही थंडी धरलीच जात नाही.

बियांचंही तेच. फळाच्या गरात उगवण रोखणारे घटक असतात आणि गर काढून टाकला तरी बी ओलसर गारव्यात तीन-चार महिने राहिल्याशिवाय जागं होत नाही. फ्रिजमध्ये ठेवून ही थंडी देता येते आणि रोपही उगवून येतं. मग लोकांना वाटतं, जमलं! पण रोप फ्रिजमध्ये वाढवता येत नाही. एप्रिल-मेच्या ४० अंशांत त्याची मुळं तापतात, पानं करपतात आणि गोष्ट तिथेच संपते.

महाबळेश्वर थंड आहे की, असं कुणी म्हणेल. पण तिथली थंडी या झाडासाठी तोकडी आणि पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. ओलावा रोवनला आवडतो, पण मुळाशी साचलेलं पाणी चालत नाही.

"सफरचंद तर आता आपल्याकडे लागतंय!" हाही मुद्दा येईलच. लागतंय, पण ते ठरावीक वाणांचं. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मा यांनी विकसित केलेलं 'एचआरएमएन-९९' हे वाण कमी थंडीत फळं देतं, म्हणून ते मैदानी भागात पोहोचलं. कमी थंडीचं वाण म्हणून विकलं जाणारं रोवन निदान माझ्या पाहण्यात नाही.

ऑनलाइन बिया मागवू का? येताना सामानात आणू का?

हा या लेखातला सगळ्यात गंभीर भाग आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

भारतात परदेशातून रोपं आणि बिया आणण्यासाठी 'प्लांट क्वारंटाइन ऑर्डर, २००३' लागू आहे. आयातीचा परवाना आणि पाठवणाऱ्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. पर्समध्ये चार बिया किंवा ओल्या टिश्यूत गुंडाळलेली फांदी, यालाही 'एवढ्याशाने काय होतंय' म्हणून सूट नाही.

होतं काय ते बघा. सफरचंद-नासपतीच्या कुळाला 'फायर ब्लाइट' नावाचा जीवाणूजन्य रोग होतो. फुलं, कोवळी पालवी, फांद्या विस्तवाने भाजल्यासारख्या काळ्या पडतात आणि झाड मरूही शकतं. उत्तर अमेरिकेत हा रोग १८ व्या शतकापासून माहीत आहे. ब्रिटनमध्ये तो पहिल्यांदा सापडला १९५७ साली, केंट परगण्यात, म्हणजे तिथल्या फळबागांच्या ऐन पट्ट्यात. आज तो युरोपभर आहे. रोवन सफरचंदाचं चुलत भावंड असल्याने त्यालाही हा रोग होतो आणि रोगट रोप किंवा फांदीसोबत तो प्रवास करू शकतो. आता काश्मीर आणि हिमाचलमधल्या सफरचंदाच्या बागा डोळ्यांसमोर आणा. एका रीलपायी कुणाच्या पोटावर पाय येऊ शकतो, ते लक्षात येईल. उलट दिशेनेही नियम आहेतच. भारतातून ब्रिटनमध्ये रोपं नेतानाही प्रमाणपत्र लागतं.

लाल फळं आणि त्यावर झुंबड करणारे पक्षी, एवढंच हवं असेल तर आपल्याकडे कामिनी लावा. सुगंधी पांढरी फुलं, नंतर केशरी-लाल फळं आणि ती खायला बुलबुल हजर. जागा जास्त असेल तर तुती लावा. दोन्ही इथल्या उन्हाळ्यात टिकतात.

ब्रिटनमध्ये राहताय? मग कुठलं रोवन?

आता ज्यांच्या अंगणात हे झाड खरंच वाढू शकतं त्यांच्याकडे वळू.

रानातलं साधं रोवन दहा-बारा मीटरपर्यंत जातं. शहरातल्या छोट्या घराच्या मागच्या अंगणात ते मोठं होतं. शोभेच्या बागांसाठी म्हणून जी रोवन विकली जातात, त्यांतली बरीचशी मुळात आशियातली आहेत, आणि त्यांतलं एक चक्क आपल्या काश्मीरचं.

सॉर्बस कॅशमिरियाना, म्हणजे काश्मीर रोवन. पश्चिम हिमालयातलं हे छोटं झाड. फुलं गुलाबीसर आणि फळं मोत्यासारखी पांढरी, रोवनच्या मानाने टपोरी. पानं गळून गेल्यावरही हे पांढरे मणी उघड्या फांद्यांवर लटकत राहतात. लाल रोवनच्या गर्दीत हे झाड वेगळं उठून दिसतं.

दुसरं, सॉर्बस विल्मोरिनी. मूळ नैर्ऋत्य चीनचं, नाव फ्रान्समधल्या विल्मोरँ या बी-बियाणेवाल्या घराण्यावरून. उंची साधारण पाच मीटर, पानं नेच्यासारखी बारीक. फळं आधी गडद गुलाबी, मग हळूहळू फिकट होत जवळपास पांढरी. मला विचाराल तर छोट्या बागेसाठी हेच. फार जागा घेत नाही, दाट सावली करत नाही आणि चार महिने रंग बदलत राहतं.

'जोसेफ रॉक' हे पिवळ्या फळांचं नावाजलेलं वाण. व्हिएन्नात जन्मलेल्या आणि चीनच्या युन्नान प्रांतात वर्षानुवर्षं भटकून वनस्पती गोळा करणाऱ्या संशोधकाचं नाव त्याला दिलंय. त्याची शरद ऋतूतली पानं बघत राहावीत अशी, पण फायर ब्लाइटला ते लवकर बळी पडतं. आसपास सफरचंद-नासपतीच्या बागा असतील तर विचार करून घ्या. जागा अगदीच चिंचोळी असेल तर 'ऑटम स्पायर' हे सरळसोट वाढणारं, पिवळ्या फळांचं वाण आहे.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. हापूसची कोय लावली तर हापूस येईलच असं नाही, म्हणून आपण कलम करतो. साध्या लाल रोवनचंही तसंच, बियांपासून आलेलं प्रत्येक रोप थोडं वेगळं. पण काश्मीर रोवन आणि विल्मोरिनी यांच्या बिया परागीकरणातून होणाऱ्या फलनाशिवाय तयार होतात. म्हणजे बी लावलं तरी आईची हुबेहूब नक्कल! आपल्याकडे संत्र्याच्या कलमासाठी खुंट म्हणून जंबेरी बियांपासूनच करतात आणि रोपं बहुतेक एकसारखी येतात, तत्त्व साधारण तेच. त्यामुळे शेजाऱ्याकडे काश्मीर रोवन असेल तर मूठभर फळं मागून घ्या. गर धुऊन काढा, बिया शरद ऋतूतच कुंडीत पेरा आणि कुंडी बाहेर थंडीत राहू द्या. वसंतात कोंब येतील, काही आळशी बिया आणखी एक वर्षही घेतील. देशातल्या देशात शेजाऱ्याच्या बिया घ्यायला कुणाची हरकत नाही.

लावायचं कसं?

नोव्हेंबर ते मार्च, झाड झोपलेलं असताना. या काळात नर्सरीत उघड्या मुळांची रोपं मिळतात. ती कुंडीतल्या रोपांपेक्षा स्वस्त असतात आणि लवकर रुजतात. आणल्यावर मुळं सुकू देऊ नका. जमीन गोठलेली किंवा चिखल झालेली असेल तर थोडे दिवस थांबा.

ऊन चांगलं, थोडी सावलीही चालेल. माती ओल धरणारी पण निचरा होणारी, किंचित आम्लधर्मी असेल तर उत्तम. चुनखडीचा पातळ थर असलेल्या जमिनीत साधं रोवन फार खूश नसतं. घराच्या भिंतीला किंवा कुंपणाला चिकटून मात्र कुठलंच झाड लावू नका. लंडनसारख्या चिकणमातीच्या भागात झाडं पाणी ओढतात तेव्हा माती आकसते आणि पायाला त्रास होऊ शकतो. भाड्याचं घर असेल तर घरमालकाला विचारा, नाहीतर झाड तुमचं आणि फळं त्याची.

खड्डा खोल नको, रुंद हवा. मुळं पसरतील एवढा आणि खोली मुळांच्या उंचीएवढीच. नर्सरीत रोप जिथपर्यंत मातीत होतं त्याची खूण खोडावर दिसते. तेवढंच गाडा, जास्त नाही. कलम असेल तर कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. सगळ्यात जास्त झाडं या एकाच गोष्टीने जातात, खोल लावल्यामुळे. खड्ड्यात खताची पोती ओतायची गरज नाही, निघालेली मातीच परत भरा. वाऱ्याची जागा असेल तर खोडाच्या खालच्या तिसऱ्या भागात काठीचा आधार द्या आणि दीड-दोन वर्षांनी तो आठवणीने काढा.

मग बुंध्याभोवती मीटरभराचं गोल आळं गवतमुक्त ठेवा. हिरवळीचं गवत दिसायला निरुपद्रवी, पण कोवळ्या झाडाचं पाणी तेच आधी पितं. आळ्यात कंपोस्ट किंवा लाकडाच्या भुश्याचं आच्छादन करा, फक्त ते खोडाला टेकू देऊ नका.

पहिले दोन उन्हाळे

ब्रिटनमध्ये झाडाला पाणी घालायचं? पाऊस पडतो ना रोज! असं आपल्याला वाटतं. पण १९ जुलै २०२२ या दिवशी लिंकनशरमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं. त्या देशात पारा ४० च्या वर जाण्याची ती पहिलीच वेळ. डोंगरातल्या गार, ओल्या हवेच्या या झाडाला आग्नेय इंग्लंडचे कोरडे उन्हाळे जड जातात. पाण्याचा ताण पडला की पानं वेळेआधी तांबूस होऊन गळतात आणि असं कमजोर झाड रोगांना सोपं सावज ठरतं. त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं कोरड्या दिवसांत आठवड्यातून एकदा दोन-तीन बादल्या पाणी सावकाश, मुळांपर्यंत मुरेल असं द्या. रोजचा तांब्याभर शिडकावा कामाचा नाही.

छाटणी जवळजवळ नकोच. हिवाळ्यात मेलेल्या किंवा एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढल्या की झालं. कलमाच्या जोडाखालून फुटवे आले तर मात्र लगेच मुळापासून काढा. खुंट बहुतेकदा साध्या लाल रोवनचा असतो आणि तो जोरदार वाढतो. गावठी गुलाबाचा फुटवा कलमी गुलाबाला गिळतो, तसाच प्रकार. वसंतात फुलं-पालवी भाजल्यासारखी दिसली तर फायर ब्लाइटची शंका घ्या. निरोगी लाकडापर्यंत मागे जाऊन फांदी कापा आणि प्रत्येक कापानंतर कात्री जंतुनाशकाने पुसा.

फळं खायची का?

कच्ची नाही. त्यात पॅरासॉर्बिक ॲसिड असतं, चव कडू-तुरट आणि पोटाला त्रास. मुलांनी एखादं चाखलं तर घाबरून जाऊ नका, पण मूठभर खाऊ देऊ नका. शिजवल्यावर हे आम्ल निरुपद्रवी सॉर्बिक ॲसिडमध्ये बदलतं. ब्रिटनमध्ये सफरचंदाच्या फोडींसोबत शिजवून, गाळून लाल रोवनची जेली करतात आणि हरणाच्या किंवा मेंढ्याच्या मटणासोबत वाढतात. रशियात त्याची मद्यं बनतात. बिया चावू नका, सफरचंदाच्या बियांसारखं सायनाइड तयार करणारं द्रव्य त्यातही असतं. पांढऱ्या-गुलाबी फळांचं सांगायचं तर ती बघायलाच ठेवा.

खरे गिऱ्हाईक वेगळेच

ऑक्युपारिया या नावाचा अर्थच पक्षी पकडण्याशी संबंधित आहे. पूर्वी ही फळं आमिष म्हणून वापरत. ब्लॅकबर्ड, रेडविंग, फील्डफेअर हे कस्तूर कुळातले पक्षी त्यावर तुटून पडतात. बागवाल्यांचा साधारण अनुभव असा, की लाल फळं आधी संपतात, मग केशरी-पिवळी आणि गुलाबी-पांढरी सगळ्यात शेवटी. तुम्हाला सप्टेंबरमध्येच पक्षी हवेत की ख्रिसमसपर्यंत झाडावर रंग हवा, त्यावर निवड करा. दोन्ही एकाच झाडाकडून मागू नका.

आणखी एक. रोवन दरवर्षी सारखी फळं देत नाही. एक वर्ष भरभरून, पुढचं वर्ष हात आखडता. उत्तर युरोपात जंगलंच्या जंगलं एकाच वेळी असं करतात आणि त्याचे पडसाद दूरवर उमटतात. स्कॅन्डिनेव्हियात फळं कमी पडली की वॅक्सविंग नावाचे तुरेवाले पक्षी थव्याने समुद्र ओलांडून ब्रिटनला येतात आणि सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये लावलेल्या रोवनवर बसतात. खाली ट्रॉली ढकलणारी माणसं, वर दूरदेशीचे पाहुणे. नॉर्वे आणि फिनलंडमध्ये तर रोवनच्या फळांचा अंदाज बांधून सफरचंदावर किडीचा हल्ला होईल का ते सांगतात, कारण रोवनवर वाढणारा एक पतंग तिथे फळं मिळाली नाहीत की सफरचंदाकडे वळतो.

तेव्हा तुमच्या झाडाला एखाद्या वर्षी चारच घोस लागले, तर खताचा डबा उघडू नका. पाणी वेळेवर दिलं असेल आणि पालवी निरोगी असेल, तर पुढच्या मेमधल्या फुलांची वाट बघा.